कुष्ठरोग : देहाचा विकार आणि समाजाचा व्यवहार

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थान सरकारने १८९८ साली 'लेपर्स ॲक्ट' या नावाचा एक कायदा केला. रस्त्यावर भीक मागणारा अथवा निर्वाहाचे उघड साधन नसलेला महारोगी आढळल्यास पोलिसांनी त्याला वॉरंटाशिवाय पकडावे, त्याची वैद्यकीय तपासणी करवून घ्यावी आणि रोग असल्याचे ठरल्यास त्याची रवानगी महारोग्यांच्या आश्रमात करावी, अशी त्या कायद्याची मुख्य तरतूद होती. अधिसूचित क्षेत्रात महारोग्याने खाण्यापिण्याचे जिन्नस, औषधे अगर कपडे विक्रीसाठी तयार करू नयेत, सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर स्नान करू नये, भाड्याची गाडी हाकू नये किंवा तीत बसू नये, अशी बंधनेही घालता येत असत. रेल्वेचा डबा मात्र या बंधनातून वगळण्यात आला होता. तो का वगळला, याचा तर्क वाचकांनीच करावा.

या कायद्याचा पकडण्याचा अधिकार फक्त निर्धन महारोग्यापुरता होता. ज्याच्या घरी दोन वेळच्या अन्नाची सोय आहे, त्याला तो लागू होत नव्हता. रोगाच्या जंतूला घरचा आणि रस्त्यावरचा हा भेद ठाऊक नसतो. तेव्हा या कायद्यामागे रोगप्रतिबंधाचा विचार किती होता आणि शहरातील रस्ते डोळ्यांना बरे दिसावेत ही इच्छा किती होती, हा प्रश्न त्या काळीही विचारण्यासारखाच होता. काही राज्यांनी हा कायदा आपापल्या हद्दीत पूर्वीच मोडीत काढला. केंद्रीय विधिपुस्तकातून तो २०१६ साली रद्द झाला. म्हणजे रोगावर खात्रीचा उपाय हाती आल्यानंतरही तो तीस-पस्तीस वर्षे शिल्लक राहिला होता.

पटकी, देवी, प्लेग या रोगांनी या देशात कुष्ठरोगापेक्षा कितीतरी अधिक माणसे मारली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा शहराचा मोठा भाग घरदार सोडून बाहेर पडला. परंतु साथ ओसरल्यावर माणसे परत आली आणि प्लेगमधून वाचलेल्याला कोणी आयुष्यभर प्लेगचा माणूस म्हटले नाही. कुष्ठरोगाने माणूस सहसा मरत नाही. तरीही 'महा' हे विशेषण लोकांनी लावले ते याच रोगाला. असे का झाले, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम या रोगाची चाल पाहिली पाहिजे.

जंतूची संथ चाल

कुष्ठरोग हा एका विशिष्ट जंतूमुळे होतो, हे नॉर्वेतील बर्गेन या गावी गेरहार्ड आरमॉअर हान्सेन या डॉक्टरांनी १८७३ साली दाखवून दिले. क्षयरोगाच्या जंतूशी त्याचे जवळचे नाते आहे; मात्र तो कमालीचा मंदगती आहे. सर्वसाधारण जंतूंची संख्या अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होते. कुष्ठरोगाच्या जंतूला त्यासाठी सुमारे दोन आठवडे लागतात. परीक्षानळीत त्याची वाढ करणे शास्त्रज्ञांना आजवर साधलेले नाही. शरीरात प्रवेश केल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, क्वचित वीस वर्षेही जातात. त्यामुळे रोग कोणापासून आला, हे सांगणे बहुधा अशक्य असते. आणि ज्याचे कारण सांगता येत नाही त्याला पूर्वजन्मीच्या पापाचे कारण जोडणे सोपे जाते.

उपचार न घेतलेल्या सांसर्गिक रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे, दीर्घकाळच्या निकट सहवासात, हा रोग पसरतो. शंभरापैकी सुमारे पंचाण्णव माणसांच्या अंगी या जंतूला दाद न देण्याची शक्ती निसर्गतःच असते. हस्तांदोलनाने, एका पंगतीत जेवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने तो होत नाही. आईबापांच्या रक्तातून तो मुलांत उतरत नाही.

जंतूचा हल्ला मुख्यतः त्वचेवर आणि मज्जातंतूंवर होतो. शरीराचे तुलनेने थंड भाग त्याला मानवतात. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा उमटतो. तो खाजत नाही, दुखत नाही, आणि बहुधा त्या जागी स्पर्श कळत नाही. कोपर, मनगट, गुडघा यांजवळच्या नसा जाड होतात, हातापायांची संवेदना हळूहळू जाते, स्नायू दुबळे पडतात, बोटे वाकतात, पाऊल लुळे पडते, डोळ्याची पापणी मिटेनाशी होते. दुखत नाही हेच या रोगाचे खरे संकट आहे. दाढ ठणकू लागली की माणूस वैद्याकडे धावतो. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी कोण धावणार?

कुष्ठरोग्याची बोटे झडतात, अशी समजूत सर्वत्र आढळते. बोटे झडत नाहीत. संवेदना गेलेल्या हाताने चुलीवरचे भांडे उचलले जाते, हात भाजतो, पण कळत नाही. अनवाणी पायात काटा मोडतो, त्यावरच भार देऊन माणूस दिवसभर शेतात राबतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, हाड झिजत जाते आणि बोट आखूड होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे पद्धतशीरपणे सिद्ध केले. कुष्ठरोग्याचे मांस कुजके असते, त्याच्यावर केलेली शस्त्रक्रिया भरून येणार नाही, असे तोवर शल्यविशारदही मानीत. ब्रँड यांनी चांगल्या स्नायूंची दोरी वाकलेल्या बोटांशी जोडली आणि बंद मुठी पुन्हा उघडल्या. हाताला विळा धरता येऊ लागला, भाकरी मोडता येऊ लागली. व्यंग हा रोगाचा अटळ शेवट नाही. ते उशिरा झालेल्या उपचाराचे आणि न घेतलेल्या निगेचे फळ आहे, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली.

शब्दांनी केलेला घोटाळा

प्राचीन भारतीय वैद्यकाला हा रोग परिचित होता. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या वर्णनात त्वचेची बधिरता आणि अवयवांची हानी यांचा उल्लेख येतो, आणि तुवरक वृक्षाच्या बियांचे तेल हा उपायही सांगितलेला आहे. चालमोगरा या नावाने ओळखले जाणारे तेल याच जातीच्या झाडांचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरच्या डॉक्टरांपाशी त्यापलीकडे फारसे काही नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निरीक्षणाचे मोल कळते.

परंतु 'कुष्ठ' या शब्दाखाली प्राचीनांनी त्वचेचे अनेक विकार घातले होते आणि तो घोटाळा लोकव्यवहारात टिकून राहिला. पांढरे कोड हा त्वचेतील रंगद्रव्य नाहीसे होण्याचा प्रकार आहे. तो संसर्गजन्य नाही, त्यात संवेदना जात नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही. तरीही कोड असलेल्या मुलींची लग्ने मोडतात, ती त्याच भयाच्या पोटी. मराठीत रक्तपिती, महारोग असे शब्द रूढ होते. पुढे शासकीय व्यवहारात 'कुष्ठरोग' हा शब्द स्थिरावला. नवा शब्द काही काळ स्वच्छ राहतो. जुन्या शब्दाला चिकटलेली किळस कालांतराने त्यालाही चिकटते, कारण ती शब्दात नसते.

पश्चिमेकडे याहून वेगळे घडत नव्हते. मध्ययुगीन युरोपात कुष्ठरोग्याला गावाबाहेरच्या वसतीत राहावे लागे, आणि आपण येत आहोत याची सूचना देणारी घंटा वा खुळखुळा बाळगावा लागे. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेने मात्र वेगळी वाट चोखाळली. तेथे १८५६ पासून देशातील प्रत्येक कुष्ठरोग्याची नोंदवही ठेवण्यात आली. एका रोगाच्या सर्व रुग्णांची राष्ट्रीय नोंद ठेवण्याचा जगातील हा पहिला प्रयत्न मानला जातो. हान्सेन यांच्या संशोधनाला या नोंदींचा मोठा आधार मिळाला. याच हान्सेन यांनी १८७९ साली एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, रोगाचा अंश टोचून पाहिला. तिने तक्रार केली, खटला उभा राहिला आणि १८८० साली न्यायालयाने त्यांना रुग्णालयातील पदावरून दूर केले. रोगी हाही हक्क असलेला नागरिक आहे, असे एका न्यायालयाने एका थोर शास्त्रज्ञाला बजावल्याचे हे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच.

आयोगाचा अहवाल आणि सरकारचा निर्णय

१८८९ साली हवाई बेटांतील मोलोकाई येथे फादर डेमियन हे बेल्जियन धर्मोपदेशक कुष्ठरोगाने मरण पावले. तेथे सक्तीने नेऊन टाकलेल्या रुग्णांची सेवा ते १८७३ पासून करीत होते. त्यांच्या मृत्यूच्या वार्तेने इंग्लंडमध्ये हळहळीबरोबर घबराटही पसरली. हा रोग साम्राज्यभर फैलावणार काय, याचा शोध घेण्यासाठी एक आयोग हिंदुस्थानात पाठविण्यात आला. १८९०-९१ मध्ये देशभर हिंडून त्याने निष्कर्ष काढला तो असा की, हा रोग आनुवंशिक नाही, त्याची संसर्गक्षमता अत्यल्प आहे आणि रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याचे कारण नाही. त्या काळच्या साधनांनी काढलेला हा निष्कर्ष आजच्या ज्ञानाशीही बराच जुळतो. तथापि १८९७ साली बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने विलगीकरणाची शिफारस केली, आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात कायदा आला. तज्ज्ञांचा अहवाल एकीकडे आणि लोकांची भीती दुसरीकडे असली की राज्यकर्ते कोणत्या बाजूला झुकतात, याचे हे जुने उदाहरण होय.

मुंबईत त्यापूर्वीच, १८९० साली, महानगरपालिकेचे आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने बेघर महारोग्यांसाठी माटुंग्यास आश्रम उघडण्यात आला. वडाळ्याचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. हे ॲकवर्थ मराठीचे जाणकार होते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासमवेत त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध केला, म्हणून मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही त्यांचे नाव माहीत असते. आश्रमात अन्न, वस्त्र, निवारा व औषध मिळे. मात्र दाराला पहारा असे. दया आणि बंदिवास यांची ही सांगड त्या काळातील बहुतेक आश्रमांत आढळते. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी देशात ठिकठिकाणी चालविलेल्या कुष्ठधामांतून हजारो निराधारांना आसरा मिळाला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तथापि रोगी समाजापासून दूर असावा, हे गृहीत तेथेही सुटले नव्हते.

सक्तीच्या विलगीकरणाचा अतिरेक जपानने केला. तेथील १९०७ सालचा कायदा पुढे अधिक कठोर होत गेला आणि खात्रीची औषधे निघाल्यानंतरही १९९६ पर्यंत तो चालू राहिला. २००१ साली कुमामोटो येथील न्यायालयाने हे धोरण राज्यघटनाविरोधी ठरविले व शासनाला नुकसानभरपाई द्यावी लागली. तोवर अनेक रुग्णांचे उभे आयुष्य आश्रमाच्या भिंतीआड सरले होते.

वर्ध्याच्या परिसरात

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळे वळण लागले ते वर्ध्याच्या परिसरात. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे महारोगी सेवा मंडळाचे काम सुरू केले. सुशिक्षित भारतीय तरुणाने हे काम आपले जीवितकार्य म्हणून पत्करावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. काही वर्षांनी संस्कृतचे पंडित दत्तात्रेय परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींची आणि त्यांची ओळख झाली होती. रोग बळावलेला, घर सुटलेले, अशा स्थितीत त्यांना आश्रमाच्या आवारात राहण्याची परवानगी हवी होती. गांधीजींनी ती तत्काळ दिली नाही. आश्रमातील इतर माणसांची, मुलाबाळांची जबाबदारी आपल्यावर आहे, या विचाराने ते घोटाळले. त्यांनी आश्रमवासीयांना विचारले, त्यांचा होकार घेतला आणि मग शास्त्रीबुवांसाठी कुटी उभी राहिली. गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला तेल चोळीत. त्याचे चित्र पुढे सर्वतोमुखी झाले. परंतु त्याआधीचा तो विचारविनिमय अधिक ध्यानात घेण्याजोगा आहे. शेजाऱ्यांना अंधारात ठेवून किंवा त्यांच्यावर हुकूम सोडून त्यांनी ही गोष्ट केली नाही. परचुरे शास्त्रींनी पुढे आश्रमात लग्नाचे पौरोहित्यही केले. ज्याच्या सावलीला लोक भीत, त्याच्या मुखातून मंगलाष्टके ऐकण्याचा तो प्रसंग होता. त्यांचे शेवटचे दिवस दत्तपूरला गेले. गांधीजींच्या रचनात्मक कार्यक्रमात कुष्ठसेवेला स्थान मिळाले आणि आज देशात ३० जानेवारी हा दिवस कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो, त्यामागे ही पूर्वपीठिका आहे.

विदर्भातच अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले, आणि वरोऱ्याजवळ मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे यांनी आनंदवन. आमटे हे वरोऱ्याचे वकील. भंगीकाम करणाऱ्यांचे दुःख कळावे म्हणून त्यांनी स्वतः मैल्याच्या टोपल्या वाहिल्या होत्या. अशा निर्भय माणसालाही पावसात गटाराकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसताच भीती वाटली आणि ते घरी पळाले. त्या भीतीची लाज वाटून ते परत फिरले, त्यांनी त्याची सेवा केली, आणि पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन रोगाचे शास्त्र शिकून आले. १९५१ साली खडकाळ माळरानावर सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर पत्नी साधनाताईंसह त्यांनी आनंदवन सुरू केले.

आनंदवनाची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. तिच्या एका अंगाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही, ते म्हणजे तिच्यामागील अर्थव्यवहार. रोगी बरा झाला तरी तो खातो कोणाचे, हा गावाचा मूळ प्रश्न असतो. ज्याचे हात वाकडे आहेत त्याला मजुरीवर कोणी बोलावीत नाही. मजुरी नाही म्हणून भीक, आणि भिकेला बसलेला माणूस रोगी असो वा नसो, लोकांच्या नजरेत तो रोगीच. ही साखळी औषधाने तुटत नाही. आनंदवनात रोग्यांनी विहिरी खोदल्या, जमीन फोडली, धान्य व भाजीपाला पिकविला. आरंभी गावकरी ती भाजी घेण्यास कचरत होते. हळूहळू ती भीड चेपली. पुढे तेथे हातमाग, छपाई, सुतारकाम, लोहारकाम असे उद्योग उभे राहिले. आणि १९६० च्या दशकात कुष्ठरोग्यांच्या श्रमाने उभ्या राहिलेल्या आवारात महाविद्यालय निघाले. त्यात शिकण्यास पंचक्रोशीतील निरोगी मुले आली. ज्या जागेकडे लोक पाठ फिरवीत, तिच्याकडे आपली मुले रोज पाठविण्याची त्यांना गरज वाटू लागली. उपदेशाने झाले नसते इतके काम या गरजेने केले असावे.

असे असले तरी वसाहत हा प्रश्नाचा अखेरचा उलगडा नव्हे, हेही म्हटले पाहिजे. आनंदवनात मान मिळालेल्या माणसाला आपल्या मूळ गावी तो मिळतोच असे नाही. किती तरी जण बरे होऊनही परतले नाहीत, कारण परतण्यासारखे काही उरले नव्हते. शेत भावकीने वाटून घेतले होते आणि मुलीच्या सासरी बाप मेल्याचे सांगितले होते. अशा वसाहतींत वाढलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला रोगाचा स्पर्शही नाही. पण नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना तिचाही हात अडखळतो.

औषध गावात आले

१९५१ साली वर्ध्यास स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने ही दिशा बदलली. संस्थेचे डॉ. आर. व्ही. वारदेकर यांनी मांडलेली पद्धत अशी की, रोग्याला आश्रमात आणण्याऐवजी कार्यकर्त्याने गावात जावे, घरोघर प्रत्येकाची तपासणी करावी, लोकांना माहिती द्यावी आणि रोग्याला त्याच्याच घरी उपचार द्यावा. सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री पुढे राष्ट्रीय धोरणाचा पाया बनली. हे शक्य झाले ते डॅप्सोनच्या गोळीमुळे. ती स्वस्त होती, तोंडावाटे घेता येत होती. १९५५ साली राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो तिच्याच भरवशावर. मात्र ही गोळी वर्षानुवर्षे, काहींना तर जन्मभर, घ्यावी लागे. माणसे कंटाळत, मध्येच सोडीत. १९६४ पासून तिला दाद न देणारे जंतू आढळू लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. १९८३ साली भारतात राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम आखण्यात आला, आणि बहुविध औषधोपचार प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा होता. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रोगी बरा होतो. पहिल्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत त्याच्यापासून इतरांना होणारा संसर्ग जवळजवळ थांबतो. हे उपचार शासकीय दवाखान्यांतून विनामूल्य मिळतात. एक लहानशी अडचण मात्र आहे. क्लोफाझिमिनने कातडी काही काळ काळवंडते. वैद्यकाच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट. पण शेजारी विचारू लागतात, आणि ज्याने रोग लपविला आहे तो गोळ्या टाकून देतो. लोक काय म्हणतील ही भीती औषधाच्या परिणामावर कशी मात करते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९८० च्या दशकारंभी देशात दर दहा हजार लोकसंख्येमागे पन्नासाहून अधिक नोंदणीकृत रुग्ण होते. डिसेंबर २००५ मध्ये हे प्रमाण एकाच्या खाली आले आणि राष्ट्रीय पातळीवर रोगाचे दुरीकरण झाल्याचे जाहीर करण्यात आले. हे यश मोठे आहे. परंतु हा आकडा वाचताना अधिकाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तो एका वेळी उपचाराखाली असलेल्या रुग्णांचा आकडा आहे. पूर्वी रुग्णाचे नाव नोंदवहीत दहा-वीस वर्षे राहत असे, आता ते वर्षाच्या आत निघते. तेव्हा नवे रुग्ण तेवढेच सापडत राहिले असते तरीही हे प्रमाण वेगाने उतरले असते. दुरीकरण म्हणजे निर्मूलन नव्हे. २०२२ सालीही जगात आढळलेल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे एक लाखाच्या आसपास, भारतातील होते. महाराष्ट्रात चंद्रपूर, गडचिरोली, पालघर यांसारख्या जिल्ह्यांत रोगाचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून अधिक राहिले आहे. घोषणेनंतर ठिकठिकाणी स्वतंत्र यंत्रणा आटोपली, अनुभवी कर्मचारी निवृत्त झाले आणि चट्टा पाहताच ओळखणारी नजर दुर्मीळ झाली. म्हणूनच २०१६ पासून घरोघर रुग्णशोधाच्या मोहिमा पुन्हा हाती घ्याव्या लागल्या.

बरा झालेला माणूस आणि कायदा

रोग बरा झाल्यावरही कायद्याने माणसाला रोगी ठरविल्याची उदाहरणे अगदी अलीकडची आहेत. ओरिसात निवडून आलेल्या एका नगरपालिका सदस्याला कुष्ठरोगाच्या कारणावरून अपात्र ठरविण्यात आले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ साली न्यायालयाने अपात्रतेची ती तरतूद वैध ठरविली. मात्र वैद्यकातील प्रगती पाहता अशा तरतुदी ठेवाव्यात काय, याचा विधिमंडळाने विचार करावा, असेही सुचविले. लोकांनी मत देऊन निवडलेला माणूस सभागृहात बसण्यास अयोग्य ठरतो तो त्याच्या वर्तनामुळे नव्हे, तर आजारामुळे, ही गोष्ट पंचायत सदस्यांना विशेष जाणवावी. विवाहविषयक कायद्यांतही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. विधी आयोगाने २०१५ साली असा भेदभाव दूर करण्याची शिफारस केली आणि २०१९ च्या दुरुस्ती अधिनियमाने पाच वैयक्तिक कायद्यांतून हे कारण वगळण्यात आले. या तरतुदीची झळ स्त्रियांना अधिक बसे, हे सांगावयास नको. चट्टा नवऱ्याच्या अंगावर उमटला तर बायकोने सेवा करावी, आणि बायकोच्या अंगावर उमटला तर तिने माहेरी जावे, असाच व्यवहार बहुतेक ठिकाणी होता. म्हणून स्त्रिया तो पदराखाली झाकीत राहिल्या आणि दवाखान्यात आल्या त्या बोटे वाकल्यावर.

शाळेतील शिक्षकाच्या नजरेस या गोष्टी घरच्यांच्याही आधी येऊ शकतात. मुलाच्या गालावर वा दंडावर फिकट चट्टा आहे आणि तेथे कापसाचा स्पर्श कळत नाही, लेखणी बोटांतून निसटते, चप्पल पायातून गळून पडते तरी त्याला समजत नाही, ही चिन्हे पुरेशी आहेत. लहान मुलांत हा रोग आढळणे याचा अर्थ गावात उपचार न घेतलेला एखादा मोठा माणूस आहे. मुलाला वर्गातून उठवून घरी पाठविणे हा त्यावरचा उपाय नाही. तसे एकदा झाले की त्या गावातील पुढचा चट्टा कोणी दाखवीत नाही. पालकांशी एकांतात बोलून मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसवावे. नसांचा दुबळेपणा सहा महिन्यांच्या आत उपचाराखाली आला तर बहुतेक वेळा भरून निघू शकतो. त्यानंतर ती आशा कमी होत जाते. संवेदना गेलेल्या पायांसाठी मऊ तळाची पादत्राणे आणि रोज पाय पाण्यात भिजवून तेल लावण्याची सवय, एवढ्यानेही पुढील जखमा पुष्कळ टळतात.

अलीकडे या कामात एक नवीन साधन आले आहे. रुग्णाच्या निकट सहवासातील निरोगी व्यक्तींना रिफाम्पिसिनची एक मात्रा दिल्यास त्यांना रोग होण्याची शक्यता कमी होते. बांगलादेशात झालेल्या मोठ्या चाचणीत पहिल्या दोन वर्षांत ती सुमारे ५७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली या उपायाची शिफारस केली आणि भारतातही तो राबविला जातो. घरच्या माणसांना ही मात्रा देण्यात अडचण नसते. अडचण येते शेजाऱ्यांना आणि सहकाऱ्यांना देताना. आशा कार्यकर्ती एका गल्लीतील दहा घरी जाऊन गोळ्या देऊ लागली की अकरावे घर कोणाचे, हे गल्लीला कळते. म्हणून रुग्णाची संमती आधी घ्यावी, असा दंडक आहे, आणि ज्या गावात रुग्णाचे नाव फुटल्यावर त्याच्या दुकानाचे गिऱ्हाईक तुटते तेथे ती मिळत नाही. तेथे आरोग्य कर्मचारी सरसकट त्वचा तपासणीचे शिबिर भरवितात, सरपंचाला पहिला सदरा काढावयास सांगतात, आणि मग रांग लागते.